लाक्षाप्रसादन : वैद्याच्या घरी लोकरीचे रंजन

द्रव्यगुणाच्या तोंडी परीक्षेसाठी आपण सर्वांनीच पर्याय पाठ केले आहेत. लोध्राचे पर्याय म्हणताना तिरीट, शाबर, गालव यांच्यामागून पट्टिकालोध्राचे एक लांबलचक नाव येते : लाक्षाप्रसादन. ते अमरकोशात आहे, भावप्रकाश निघंटूतही आहे. परीक्षा संपली की ते विस्मरणात जाते, कारण चिकित्सेत त्याचा उपयोग दिसत नाही. लोध्र ग्राही आहे, चक्षुष्य आहे, रक्तस्तंभक आहे. प्रदरात आपण ते नित्य योजतो. पण लाखेला ‘प्रसन्न’ करणारे म्हणजे नेमके काय करणारे? या प्रश्नाचे उत्तर औषधशाळेत मिळत नाही. ते रंगाऱ्याच्या कढईत मिळते, आणि पडताळून पाहण्यास पांढऱ्या लोकरीची एक लहानशी लडी पुरते.

घरच्या घरी वनस्पतिद्रव्यांनी लोकर रंगविणे हा विषय आपल्या त्रैमासिकात काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. तथापि आपल्या कपाटातील बरण्यांवरून एकदा नजर फिरवावी. मंजिष्ठा, हरिद्रा, हरीतकी, दाडिमत्वक्, खदिर, लाक्षा, नीली, लोध्र, कुसुंभ, पलाशपुष्प. ही यादी वैद्याची आहे तशीच रंगाऱ्याचीही आहे. निघंटुकारांनी ही गोष्ट लपविलेली नाही. भावप्रकाशात मंजिष्ठेचे एक नाव वस्त्ररंजिनी आहे. करडईच्या फुलास वस्त्ररंजक म्हटले आहे. नीलीस रंजनी आणि कालकेशी अशी दोन्ही नावे आहेत. आपण पर्यायांतून रस, वीर्य, स्वरूप आणि उत्पत्तिस्थान शोधतो. व्यवहारातील उपयोगाची नावे मात्र अलंकारासारखी सोडून देतो. माझ्या मते ही नावे म्हणजे द्रव्यपरीक्षेची टिपणे आहेत.

‘कषाय’ शब्दाचेच पाहा. तो एक रस आहे, क्वाथाचे नाव आहे आणि संन्याशाच्या वस्त्राचा रंगही आहे. हिरडा, बाभळीची साल, खैर, डाळिंबाची साल ही द्रव्ये जिभेवर ठेवली तर जीभ आखडते. त्यांचा काढा कापडावर टाकला तर तपकिरी-पिवळट डाग पडतो आणि तो सहसा जात नाही. जिभेवरील प्रथिनांना आवळून धरणारे टॅनिन आणि धाग्याला चिकटून बसणारे टॅनिन हे एकच. एका शब्दाचे तीन अर्थ कोशात वेगवेगळे दिलेले असले तरी काढ्याच्या पातेल्यात ते एकत्रच असतात.

आता लोध्राकडे वळू. बहुतेक वनस्पतिज रंग धाग्यावर आपणहून पक्के बसत नाहीत. त्यांना धाग्याशी जोडणारा एक मध्यस्थ लागतो; त्यास रंगबंधक म्हणतात. सर्वांत परिचित आणि निरुपद्रवी रंगबंधक म्हणजे तुरटी, आपली स्फटिका. तिच्यातील ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्यास आणि दुसऱ्या बाजूने रंगद्रव्यास धरते; त्यामुळे रंग टिकतो, शिवाय उजळतो. लोध्राचे वैशिष्ट्य असे की सिम्प्लोकॉस या त्याच्या प्रजातीतील वृक्ष जमिनीतील ॲल्युमिनियम शोषून आपल्या पानांत आणि सालीत साठवितात. सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहिलेल्या रम्फियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या प्रजातीतील एका झाडास तुरटीचा वृक्ष अशाच अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. इंडोनेशियाच्या काही बेटांवर सूत लाल रंगविताना आजही या प्रजातीची पाने वापरतात. म्हणजे लाक्षाप्रसादन हे नाव काव्य नसून शब्दशः खरे आहे. लाखेच्या मळकट किरमिजी रंगात लोध्राची साल पडली की वनस्पतीतील ॲल्युमिनियम तो रंग खुलविते. ज्याने हे नाव प्रथम उच्चारले त्याला ॲल्युमिनियम ठाऊक नव्हते, पण कढई ठाऊक होती.

हा प्रयोग दवाखान्याच्या मागील ओट्यावर सहज करता येतो. दहा-दहा ग्रॅमच्या तीन लड्या घ्याव्यात. एक नुसती धुतलेली, दुसरी समभार लोध्रचूर्णाच्या काढ्यात मंदाग्नीवर तासभर ठेवून रात्रभर त्यातच मुरविलेली, तिसरी तुरटीच्या पाण्यात तशीच ठेवलेली. मग तिन्ही एकाच भांड्यात, लाखेच्या किंवा मंजिष्ठेच्या एकाच काढ्यात घालाव्यात. मी मंजिष्ठेवर केला तेव्हा पहिली लडी फिकट बदामी निघाली, दुसरी विटकरी लाल आणि तिसरी त्याहून स्वच्छ लाल. लोध्राची साल स्वतःचाही थोडा पिवळसर रंग देते, म्हणून ती तुरटीची बरोबरी करीत नाही. परंतु पहिल्या आणि दुसऱ्या लडीतील अंतर इतके स्पष्ट असते की शिकाऊ विद्यार्थ्यास ते हातात देऊन पर्याय शिकविता येतो. बाजारात लोध्र म्हणून येणाऱ्या प्रत्येक सालीने हे अंतर पडेलच असे नाही. अंतर पडले नाही तर तो माल लोध्र आहे काय, अशी शंका अवश्य घ्यावी आणि सूक्ष्मदर्शकीय परीक्षा करून घ्यावी.

यासाठी लोकरच का, सुती कापड का नाही, असा प्रश्न येईल. लोकर म्हणजे केस. केराटिन हे प्रथिन वनस्पतिज रंगांना आणि धातूंना कापसापेक्षा पुष्कळ सहज धरते. कापसाला आधी हिरड्याचे पाणी द्यावे लागते, मग तुरटी, मग रंग. लोकरीस तुरटी पुरे होते. ज्यांनी पालित्याच्या अधिकारातील योग वाचले आहेत त्यांना यातील बरेच काही ओळखीचे वाटेल. त्रिफळा, लोहचूर्ण, भृंगराज, नीली यांचे लेप तेथे सांगितले आहेत. लोखंडी कढईत त्रिफळ्याचा काढा काळा पडतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या काळ्या काढ्यात पांढरी लोकर बुडविली की ती राखी होते, आणि चिमूटभर हिराकस घातल्यास जवळजवळ काळी. मेंढीच्या केसांवर केलेले हे केशरंजनच होय.

प्रत्यक्ष कृतीत पहिली गोष्ट लोकरीची परीक्षा. दुकानात ‘वूल’ म्हणून मिळणारे विणकामाचे सूत पुष्कळदा ॲक्रिलिक असते. त्यावर मंजिष्ठा कितीही उकळली तरी रंग बसत नाही. एक धागा जाळून पाहावा. जळत्या केसांचा वास येऊन मागे बोटांनी चुरडेल अशी काळी राख राहिली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. दुसरी गोष्ट धुण्याची. लोकरीवर मेंढीच्या त्वचेतून आलेली वसा असते. हीच शुद्ध करून लॅनोलिन या नावाने मलमांच्या आधारात वापरतात. ही वसा राहिली तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. ती काढण्यास धुण्याचा सोडा वापरू नये. क्षाराने लोकर खरखरीत होते आणि तीव्र क्षारात तर विरघळते. क्षारकर्म करणाऱ्या वैद्यास यात नवल वाटू नये. रिठ्याचे कोमट पाणी येथे उत्तम. मूठभर रिठे रात्री भिजवून, कुस्करून, गाळून घ्यावेत आणि त्यात लडी अर्धा तास नुसती बुडवून ठेवावी. चोळू नये, पिळू नये, आणि गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकू नये. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. घर्षण आणि तापमानाचा धक्का यांनी ते एकमेकांत अडकून लडी आटते व तिचा नमदा होतो. नवशिक्याची लोकर बिघडते ती बहुधा रंगाने नव्हे, या घाईने.

शंभर ग्रॅम कोरड्या लोकरीस बारा ते पंधरा ग्रॅम तुरटी पुरते. अधिक घातल्यास लोकर चिकट लागते. तुरटी गरम पाण्यात विरघळवून तीन-चार लिटर कोमट पाण्यात मिसळावी, ओली लडी त्यात सोडावी आणि तासाभरात हळूहळू उकळीच्या अलीकडे आणावी. तेथे आणखी एक तास ठेवून भांडे झाकून रात्रभर तसेच निवू द्यावे. पाश्चात्य रंगारी तुरटीबरोबर क्रीम ऑफ टार्टर घालतात. शंभर ग्रॅम लोकरीस पाच-सहा ग्रॅम. ते द्राक्षाच्या मद्यातून निघणारे टार्टरिक आम्लाचे लवण आहे आणि त्यामुळे लोकर मऊ राहते. भांडे स्टीलचे किंवा इनॅमलचे असावे. लोखंडाच्या भांड्यात प्रत्येक रंग मळतो, आणि अॅल्युमिनियमच्या भांड्याचा हिशेब तुरटीत मिसळून प्रयोगाचा अर्थच जातो. रंगाची भांडी स्वयंपाकघरात अथवा औषधनिर्मितीत पुन्हा वापरू नयेत, हे आपल्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. तरी सांगितलेले बरे.

मंजिष्ठा लोकरीइतकीच घ्यावी. भरड कुटून रात्रभर पाण्यात भिजवावी, फडक्यात सैल बांधून त्याच पाण्यासह भांड्यात ठेवावी. यापुढे चुलीकडे लक्ष हवे. पाणी हाताला सोसवणार नाही इतके तापावे, पण त्यास उकळी फुटू देऊ नये. उकळीने तांबूस तपकिरी रंगद्रव्येही बाहेर पडून लाल रंग विटतो. ज्या काढ्यासाठी आपण अष्टमांश आटविण्याची सवय लावून घेतली आहे, त्या सवयीस येथे मुरड घालावी लागते. तासभर या उष्णतेत ठेवून लडी भांड्यातच निवू द्यावी. आपली मंजिष्ठा, रुबिया कॉर्डिफोलिया, युरोपीय मॅडरपेक्षा वेगळी आहे. मॅडरचा लाल रंग मुख्यतः अलिझरिनचा असतो; आपल्या मंजिष्ठेत परप्युरिन आणि मुंजिस्टिन ही द्रव्ये प्रधान आहेत, त्यामुळे छटा थोडी केशरी-विटकरी येते. पाण्यात चुन्याचा अंश असेल तर लाल रंग गडद होतो. विहिरीच्या जड पाण्यात आणि पावसाच्या पाण्यात केलेल्या दोन लड्या शेजारी ठेवून पाहाव्यात. ही लाल विद्या या भूमीत किती जुनी आहे, याचा पुरावा मोहेंजोदडो येथे सापडलेल्या, मॅडर जातीच्या रंगाने रंगविलेल्या सुती धाग्यांनी दिला आहे. १८६८ साली ग्रेबे आणि लिबरमान यांनी अलिझरिन प्रयोगशाळेत बनविले, आणि थोड्याच वर्षांत मंजिष्ठेचा वस्त्ररंजिनी हा अर्थ बाजारातून पुसला गेला. औषधाच्या बरणीत तेवढी ती उरली.

इतर द्रव्यांविषयी थोडक्यात. डाळिंबाची साल तुरटीच्या लोकरीवर टिकाऊ पिवळा रंग देते. तीत हिराकसाचा अंश पडला की शेवाळी हिरवट. दसऱ्यानंतर टोपल्याच्या टोपल्या टाकून दिल्या जाणाऱ्या झेंडूच्या फुलांनी सुरेख सोनेरी रंग येतो. वाळवून ठेवली तरी चालतात. कात आणि खैरसाल तपकिरी. करडईची गोष्ट मोठी मौजेची. सोलापूर, परभणीकडे ती मुबलक पिकते. तिच्या पाकळ्यांत पाण्यात उतरणारा पिवळा आणि क्षारात उतरणारा लाल असे दोन रंग असतात. ग्रंथांतील कुसुंभी वस्त्रांचा तो लाल कापसावर आणि रेशमावर खुलतो, लोकरीवर मात्र पिवळ्याशिवाय फारसे काही हाती लागत नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही, ती आंबवून क्षारात उतरवावी लागते आणि क्षार लोकरीचा शत्रू. म्हणून तिचा नाद आरंभी करू नये. लाख घेताना चपडा घेऊ नये. चपडा करताना लाख धुतली जाते आणि रंग त्या धुण्यातच निघून जातो. रंग हवा असेल तर काडीवरची कच्ची लाख हवी. लाक्षा म्हणून औषधात आपण यांपैकी काय घेतो, हाही विचार येथे मनात येतोच.

हळदीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. ती सर्वांत सोपी, रंगबंधकावाचून धरणारी आणि पहिल्या दिवशी सर्वांत मोहक. पण उन्हात ती काही दिवसांत विटते. साबणाच्या क्षाराने लाल डाग पडतात ते वेगळेच. हळदीने रंगविलेली शाल ‘पक्क्या नैसर्गिक रंगाची’ म्हणून कोणी विकत असेल तर ती फसवणूक आहे.

आता औषधालयाच्या मालकांना विशेष उपयोगी असा भाग. पांढरी लोकर हे अन्नपरीक्षेतील एक जुने साधन आहे. केशर, सरबत, रंगीत चूर्ण यांत कृत्रिम आम्लरंग मिसळला आहे काय हे पाहण्यासाठी नमुन्याच्या पाण्यात थोडे आम्ल घालून त्यात वसारहित पांढऱ्या लोकरीचा धागा उकळतात. आम्लरंग लोकरीवर घट्ट बसतो. धागा धुऊन विरल अमोनियात गरम केला की तो रंग सुटून पाण्यात येतो. मग जुना धागा काढून टाकावा, पाणी पुन्हा आम्ल करावे आणि त्यात नवा पांढरा धागा उकळावा. दुसराही धागा रंगला तर कृत्रिम रंगाचा संशय बळावतो; वनस्पतिज रंग सहसा अशी दुसरी फेरी पार करीत नाहीत. पहिल्या धाग्यावरून निर्णय करू नये, कारण करक्युमीनसारखी नैसर्गिक द्रव्येही लोकरीस धरतात. शिवाय हळदीत मिसळले जाणारे शिशाचे क्रोमेट पाण्यात विरघळत नसल्याने या परीक्षेत सापडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच गाठावी लागते. मर्यादा असल्या तरी घाऊक खरेदीपूर्वी अर्ध्या तासात होणारी ही चाचणी दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मंजिष्ठेच्या खरेदीतही लोकर असेच काम देते. दोन व्यापाऱ्यांचे नमुने समभार घेऊन तुरटी दिलेल्या एकाच लडीच्या दोन तुकड्यांवर सारखाच वेळ चढवावेत. बाजारात मुळे आणि खोडे मिसळून येतात, जुना माल नव्यात घातला जातो. डोळ्याला सारखी दिसणारी काष्ठे लोकरीवर सारखी उतरत नाहीत. थंड पाण्यात पडताक्षणीच भडक लाल रंग सोडणारा नमुना बाजूला ठेवावा. अर्थात, अधिक रंग म्हणजे अधिक वीर्य असे समीकरण मांडू नये. लोकर द्रव्याची ओळख आणि रंगद्रव्याचा साठा सांगते. रक्तप्रसादन किती होईल ते सांगत नाही.

मुदत उलटलेल्या मालाचा प्रश्नही याच ओघात येतो. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते असे शार्ङ्गधराने म्हटले आहे आणि आज लेबलावर मुदत छापणे बंधनकारक आहे. मुदत संपलेली मंजिष्ठा, हिरडा, डाळिंबसाल रुग्णास देता येत नाही आणि टाकवतही नाही. टॅनिन आणि मंजिष्ठेचे रंगद्रव्य मात्र इतक्या लवकर नष्ट होत नाही. असा माल नोंदवहीतून रीतसर कमी करून, वेगळ्या खोलीत, ‘औषधासाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून रंगासाठी ठेवण्यास हरकत नाही. रंग काढून घेतलेला चोथा पुन्हा चूर्णात जाणार नाही, एवढी दक्षता मालकाने स्वतः घ्यावी. रंग गेलेला पण वाळून पुन्हा मंजिष्ठेसारखाच दिसणारा चोथा हा भेसळ करणाऱ्यास आयताच सापडतो.

दोन पथ्ये राहिली. मोरचूद आणि पोटॅशियम बायक्रोमेट यांनी रंग झकास येतात, असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले असते. बायक्रोमेट घरात आणूच नये, ते कर्करोगकारक आहे. मोरचुदाचे पाणी नाल्यातील जिवांना मारते. हिराकस शंभर ग्रॅम लोकरीस दोन ग्रॅमपेक्षा अधिक नको, नाहीतर लोकर ठिसूळ होते. दुसरे पथ्य वाणीचे. केरळात बलरामपुरमच्या हातमागावरील वनौषधींनी रंगविलेले कापड ‘आयुर्वस्त्र’ नावाने प्रसिद्ध झाले. तेव्हापासून रंगीत वस्त्रांवर रोगांची नावे छापण्याचा मोह सर्वत्र दिसतो. मंजिष्ठेने रंगविलेला गळपट्टा कुष्ठ बरे करतो असे म्हणणारा वैद्य १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे मंजिष्ठेच्या खऱ्या गुणांवरील विश्वास घालवितो. रंग हा रंग म्हणून पुरेसा आहे.

लोकर कोठून आणावी असे विचारणाऱ्यांनी प्रथम जवळच्या धनगरवाड्यात चौकशी करावी. दख्खनी मेंढीची लोकर जाडी-भरडी असते. सनगर मंडळी तिची घोंगडी विणून चिंचोक्याची खळ देत. आता घोंगडीचे गिऱ्हाईक घटले आणि कातरलेली लोकर पुष्कळ ठिकाणी पडून राहते. काळ्या लोकरीस रंगाची गरज नाही, पण पांढरी आणि करडी लोकर मंजिष्ठेचा लाल फार खोल धरते. करडीवर तो डाळिंबी दिसतो. अंगाला ती टोचते हे खरे. आसन, बैठक, शेकाच्या पिशवीचे आवरण यांस मात्र उत्तम.

प्रत्येक रंगाचा एक धागा जाड पुठ्ठ्यावर गुंडाळून त्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकावा आणि पुठ्ठा महिनाभर दक्षिणेच्या खिडकीत टांगावा. मागे द्रव्याचे नाव, व्यापाऱ्याकडील घाणीचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि रंगबंधक लिहावे. महिन्याने कागद काढला की कोणत्या बरणीतील रंग टिकला आणि कोणता उडाला ते समोर दिसते. माझ्याकडील पुठ्ठ्यावर हळदीचा उघडा भाग जवळजवळ पांढरा झाला आहे. लोध्र देऊन मंजिष्ठेत रंगविलेल्या धाग्यावर झाकलेल्या आणि उघड्या भागांची सीमा शोधावी लागते.